मंगलीचा ओटा

चंद्रपूर, ४ फेब्रुवारी २०२४

रामा, जयभीम.

फोन करू नको, मले आता त्यात आयकूच येत नाई. म्हनून लिवलं. चौथी शिकलेलीचं अक्षर आहे, हासू नको.

परकोटाच्या आतल्या आपल्या बाजारचौकात मोजणी चालू आहे. शिकलेली पोरं कमानीले फीता लावून राह्यली. गोंडराजाच्या येळचा दगड आहे, चुन्यात गूळ घालून बसवला, असं एक जन मलेच सांगते. अरे बापा, त्या दगडाले पाठ टेकून माही जिंदगी गेली. उनाळ्यात थंडा राह्यते, एवढं मले समजते.

आता कामाचं. दुरुस्तीच्या आधी, सोमवारी बारा तारखेले, ओट्यावर जो बसला असन त्याचंच नाव लिवनार आहेत, मंग जागा त्यालेच. आमच्या कमानीत दोन ओटे, एक माहा, एक मंगलीचा. ती दिवाळीपासून पोरीकडे चिमूरले. शेजारीन गावाले गेली त तिच्या नावाची बोहनी आपन कराची, ही आमची रीत. रोज तिच्या ओट्यावर माह्या भाजीतल्या हिरव्या सांबाराच्या दोन जुड्या ठेवते अन् पहिलं गिऱ्हाईक तिथून लावते. पन जुडीचं नाव कोनी लिवत नाई. तू चिमूरले जा. तिले म्हना, येऊन बस. रस्त्यात चहा पेत बसू नको.

तुही बाई,
अंजना

भद्रावती, ८ फेब्रुवारी

प्रिय बाईस,
धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम.

हुकमाप्रमानं चिमूरले जाऊन आलो. चहा एकदाच पेलो. मंगलीबाई खाटेवर होती, गुडघे गेले तिचे. म्हने, रामाभाऊ, मी आता येत नाई. दिवाळीलेच समजलं होतं, पन अंजनाले कोन सांगन, ती आंगावर येते. मंग इचारलं, दुपारची सावली अजून माह्याच ओट्यावर आधी येते का? यावरून आमी दोघी रोज भांडत होतो म्हने. मले काय मालूम, मी हो म्हटलं.

बाई, आता तूबी उठ तिथून. इथी खोली रिकामी आहे. संघप्रिया आत्याची वाट पाहून राह्यली. अठरा तारखेले, रविवारी, गाडी घेऊन येतो.

रागावली तरी माया ठेवजो.
रामाजी

चंद्रपूर, १३ फेब्रुवारी

रामा, जयभीम.

सावली तिच्याच ओट्यावर आधी येते. पन मालूम नसताना हो काऊन म्हटलं?

दिवाळीपासून मंगलीले ठाऊक होतं, अन् मी जुड्या मांडून राह्यली. सांगितलं असतं त खाल्लं असतं का मी तिले?

काल साहेब आला. माहं नाव लिवलं. मंग बाजूच्या ओट्याकडे बोट करून काही तरी म्हटलं. आयकू नाई आलं, पन समजलं. आहे, पानी प्याले गेली, असं तोंडावर आलंच होतं. पन तिनंच येत नाई म्हटलं ना? मी म्हटलं, रिकामा आहे. त्यानं खडूनं फुली मारली अन् पुढं गेला. मंग मी जुड्या उचलून इकडे घेतल्या.

गाडी आनू नको. संघप्रियाले सांग, आत्या मजेत आहे. एका कमानीतले दोन्ही ओटे रिकामे, असं माह्यानं करवत नाई.

घरच्या सगळ्याइले जयभीम. तू तब्येत सांभाळ.
अंजना