सासूचा सासरा झाला

धाकट्या बहिणीला, धाकट्या नुमिसियेला, थोरल्या नुमिसियेचा आशीर्वाद. नोलात तुझा गुडघा तुला दोन पायऱ्या चढू देत असेल, अशी आशा आहे. इकडे पुतेओलीत माझं शरीर ठणठणीत आहे. डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या चौकात मी पाण्याचा हौद बांधला, ते तुला ठाऊक आहे. (माझा नवरा ओफिल्लिउस होता तोवर शेजाऱ्याला घोटभर पाणी देत नसे, त्याच्या माघारी हे जमलं.) त्यावर माझ्या सन्मानाची संगमरवरी पाटी बसवायचं जावयाने, काल्वेन्तिउसने, अंगावर घेतलं. शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, आणि पाथरवटाला मजकूर सांगायला हाच गेला. आता 'सोक्रुस', म्हणजे सासू, हा शब्द दिसतो पुरुषी, पण आहे बाईचा, आणि चालतो आपल्याच चालीने. 'सासूला' म्हणायचं तर 'सोक्रुई'. आमच्या महाशयांनी तो 'होर्तुस' म्हणजे बाग नि 'आसिनुस' म्हणजे गाढव, या पुरुषी शब्दांसारखा चालवला आणि कोरून घेतलं 'सोक्रो ऑप्तिमो'. वाचणाऱ्याला त्याचा अर्थ एकच लागतो: 'उत्तम सासऱ्यास'. (माझं नाव घालायला दगड पुरला नाही म्हणे.)

उद्घाटनाला सगळी आळी लोटली. समोरचा भटारी पाटी वाचून गहिवरला आणि मला म्हणाला, "मोठ्या मनाचा होता हो तुमचा नवरा." मी हातातली घागर हौदात बुडवली.

जावयाला बोलले, तर म्हणतो, "सासूबाई, एवढ्याशा अक्षराचं काय घेऊन बसलात?" मी म्हटलं, "एवढ्याशा अक्षराने माझा पुरुष केलास. आणखी एकाने गाढव करशील." शेवटी शाळेच्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी माझी बाजू घेतली; वर म्हणाले, हा शब्द रोमपेक्षाही जुना आहे. मिरीच्या जहाजावरचा एक खलाशी तिथे पाणी पीत होता. त्याने सांगितलं, मिरी जिथून येते त्या देशातही सासूला जवळजवळ असंच म्हणतात. त्यावर काल्वेन्तिउस पुटपुटला, "म्हणजे हे दुखणं फार लांबून आलंय." सगळे हसले. माझी पोटची पोरसुद्धा.

नवी पाटी मी पाथरवटाच्या उरावर उभं राहून कोरून घेतली. परवा बसली. 'सोक्रुई ऑप्तिमाए.' आता कुणी वाचतच नाही.

ता. क. सोबत मासळीचा रस्सा पाठवते आहे. बरणीचं बूच काल्वेन्तिउसने लावलंय, तेव्हा जपून धर.

ता. क. खरं काम राहिलंच. तुझी बैलगाडी इकडे आली की जुनी पाटी घेऊन जाऊ दे. जावई ती फोडून पायरीला घालणार होता, मी हात लावू दिला नाही. ओफिल्लिउसला जन्मात कुणी उत्तम म्हटलं नव्हतं. त्याच्या अस्थी तुमच्या द्राक्षमळ्याच्या कडेला आहेत, तिथे लाव. कुणी विचारलं तर सांग, जावयाने दिली.