खिरीची दुसरी वाटी

उल्हासनगर कॅम्प ५
१४ मे २०२५

ती. यशोधराताईस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

फोनवर आधी तू रडशील आणि मग मी, म्हणून लिहितोय. पौर्णिमेला तुझ्याकडून निघालो तो थेट अंबरनाथच्या सेंटरवर. लिव्हर किती कडक झालंय ते मोजायचं होतं. उजव्या बरगड्यांवर यंत्राचं टोक टेकवून टिचक्या मारतात, दुखत नाही. टिचकीची लहर आत जितकी जोरात पळेल, तितकं लिव्हर कडक. आकडा अकरा आला. सातच्या आत हवा होता.

दारूला कधी शिवलो नाही, तरी आप्पांचंच दुखणं! ते बावन्न पुरी व्हायच्या आत गेले. मला ऑक्टोबरात पुरी होतील. डिसेंबरात सम्यकचं लग्न. पोराच्या लग्नाला मी असेन ना गं? घरात कुणाला बोललो नाही. तुझी खीर मात्र फक्कड झाली होती.

लोभ आहेच, आता जरा जास्त लागेल.
तुझा राजू

पालेगाव
१७ मे

चि. राजरत्न यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र दोनदा वाचलं. मग प्रीतीला दाखवलं. तुझी भाची नर्सिंगला आहे हे विसरलास का रे शहाण्या? तिने पहिलं विचारलं, मामा जेवून गेला होता की काय? पोट भरलेलं असलं की लिव्हरकडे रक्त जास्त धावतं आणि आकडा फुगतो म्हणे. निदान तीन तास काही खायचं नसतं. मी म्हटलं, जेवला कुठे, नुसती खीर खाल्ली. पोरगी कपाळाला हात लावून बसली.

पौर्णिमेची खीर आपण जेवणात धरतो कुठे! तू नको नको म्हणत होतास, दुसरी वाटी मीच रेटली. आता उपाशीपोटी पुन्हा जा. चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि मरणाच्या गोष्टी परत लिहिल्यास तर कॅम्प पाचला येऊन कान उपटीन.

जीव टांगणीला लागलाय, लगेच कळव.
तुझी ताई

उल्हासनगर कॅम्प ५
२१ मे

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

सहा! ताई, सहा आला! चरबी आहे, वजन उतरवा, असं डॉक्टर म्हणाले, पण कडकपणा नाही. मागच्या वेळी तिथल्या मुलीने काही खाल्लंय का म्हणून विचारलं होतं, आणि मी छातीठोकपणे नाही म्हणालो होतो. आज खिरीचं सांगितलं तर हसत सुटली. बाहेर येऊन मी रिक्षा स्टँडवर चक्क रडलो. रिक्षावाला बिचारा हॉस्पिटलात नेऊ का विचारायला लागला.

घरी सगळं सांगितलं. जेवताना सम्यकने माझ्या ताटातला तळलेला पापड उचलून नेला. प्रीतीला माझ्याकडून शाबासकी दे.

ऑक्टोबरात मी आप्पांपेक्षा मोठा होईन. मग कान उपटायच्या आधी परवानगी घ्यायची, कळलं?

लोभ आता पूर्वीइतकाच पुरे.
तुझा राजू