नाहिदची परीक्षा, बंद दाराआड

मन्सूरा, ४ मे १९९६

ती. शाबानदादास,
नाहिदचा सलाम, वि. वि.

बाबांनी माझ्या नावाचा कापडी फलक रंगवायला घेतलाय आणि आत्या आनंदाच्या ललकारीसाठी आत्तापासून घसा साफ करतेय, हे वाचून आधी हसू आलं, मग लगेच हे लिहायला बसले. दादा, त्यांना थोपव. प्रबंधाची परीक्षा यंदा बंद दाराआड आहे, असं सांग.

खरं तुलाच सांगते. ग्रहांभोवतीची धूळ विजेने भारलेली असते. चुंबकीय क्षेत्रात तिच्यातून धक्क्याची लाट कशी जाते, हे मी गणिताने मांडलं. धुळीचा भार सगळीकडे ऋण धरला. भर उन्हात ती धनही होते, हे ध्यानातच आलं नाही. एका प्रकरणातल्या सगळ्या लाटा उलट्या निघाल्या, आणि कळलं ते प्रबंध देऊन झाल्यावर. परीक्षक चारचौघांत धुऊन काढतील. पहिल्या रांगेत मिठाईचं तबक मांडीवर घेऊन बाबा बसलेले, आणि माझी अशी शोभा. मला ते सोसणार नाही.

त्यांना यातलं काही बोलू नकोस. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझी,
नाहिद

एझबेत अल-बुर्ग, २० मे

चि. नाहिद हिस, अ. उ. आ.

दुरुस्त्या करून का होईना, पदवी मिळणार हे कळल्यावर आत्याने असा आवाज लावला की गल्लीतली मांजरं पळाली. अभिनंदन, डॉक्टरबाई.

पुढचं बसून वाच. तू सांगितलंस तसं मी बाबांना सांगितलं. ते बरं म्हणाले. पण परीक्षेच्या दिवशी नवी गलाबिया घालून, मशब्बकचं तबक घेऊन एकटेच तिकडे आले होते. बाहेर थांबेन, पोरगी आली की तोंड गोड करीन, असा बेत. दार तर सताड उघडं. तुझ्या मैत्रिणींच्या आयासुद्धा आत बसलेल्या. परीक्षकांनी विचारलं म्हणे, की बाई, ही धूळ कधी उन्हात ठेवून पाहिलीत का. लोक हसले, तू मान खाली घातलीस. बाबांनी तबक दरवानाला दिलं आणि ते परत फिरले.

काल होडी रंगवताना त्यांनी हे सांगितलं, माझ्याकडे न बघता. आपल्या नखांतला रंग जात नाही, म्हणून पोरीला आपली लाज वाटली, असं त्यांनी धरलंय. मी नुसता होडीवर रंगाचा हात मारत राहिलो. खोटं माझ्याच तोंडून गेलं होतं ना. आणि गल्लीत कोणी विचारलं की ते सांगतात, दरवानाने एकालाही आत सोडलं नाही.

मोठा भाऊ म्हणून रागावलोय. माया तेवढीच आहे.

शाबान

मन्सूरा, २४ मे

ती. बाबांस,
नाहिदचा सलाम, वि. वि.

काय तोंडाने लिहू कळत नाही. मला लाज वाटत होती ती माझ्या चुकीची. तुमची कधीच नाही. ती चूक तुमच्या कानावर पडू नये म्हणून दादाला खोटं बोलायला लावलं, आणि तुम्हालाच लाज वाटायला लावली.

सुधारलेलं प्रकरण पुढच्या महिन्यात परीक्षकांपुढे मांडायचंय. पुन्हा झोडपतील. तुम्ही आत येऊन बसा, बाबा, आणि ऐका.

माझ्यासाठी आता खोटं बोलू नका. कोणी विचारलं तर सांगा, दार उघडं होतं, पोरगीच खोटं बोलली.

तुमच्या मायेला अजून पात्र असले तर,
तुमची,
नाहिद