अक्षताचा डीएनए आणि माझी आठ बटणं

कसबा बावडा, कोल्हापूर
१३ डिसेंबर १९९८

ती. आक्कास,

धाकट्या प्रसेनजीतचा सप्रेम जयभीम. तुझा गुडघा काय म्हणतोय? दाजींचा खोकला थांबला का? (त्यांनी तंबाखू सोडल्याची बातमी इथवर आली, पण विश्वास काय बसला न्हाय.) आम्ही सगळे खुशाल. निशा दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, तेवढं सोडलं तर.

झालं असं. आपली अक्षता यंदा बारावीला. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं पंधरा दिवस खपून डीएनएचं मॉडेल केलं. आपलं अंग पेशींचं, पेशीत केंद्रक, आणि केंद्रकात हा डीएनए, म्हणजे पीळ दिलेली शिडी. (तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसतं, हे मला तीनदा बजावलंय.) नाक कुणाचं, केस कुणाचे, सगळं त्या शिडीत लिहिलेलं. थर्माकोल आणि सायकलच्या तारांची ती हातभर शिडी शाहूपुरीतल्या हॉलवर पोचवायचं काम माझ्याकडं. लूनावर खोकं घेऊन निघालो, आणि वाटेत गतिरोधकावर असा दणका बसला की शिडी मधोमध उभी उकलली. अर्धी खोक्यात राहिली, अर्धी रस्त्यावर पडली, आणि मागनं उसाची ट्रॉली आली. पुढचं लिहवत नाही.

हॉलवर अक्षतानं खोकं उघडलं. मला वाटलं, आता रडणार. तिनं उरलेली बाजू उचलून उलटसुलट बघितली. मग म्हणाली, "पप्पा, एकेरी असतोय तो आरएनए."

"मग झालं की! पाटी बदल."

"तेवढ्यानं भागत न्हाय हो!"

आरएनएत थायमिन नसतं, त्या जागी युरेसिल असतं. म्हणून तिनं 'टी'च्या सगळ्या चिठ्ठ्यांवर 'यू' चिकटवले. मग अडलं साखरेपाशी. (उभा जन्म साखर कारखान्यात गेला, पण डीएनएतही साखर असते हे मला त्या दिवशी कळलं.) डीएनएच्या साखरेत एक ऑक्सिजन कमी, आरएनएच्या साखरेत तो असतोच. आठ साखरांना आठ ऑक्सिजन पाहिजेत, थर्माकोलच्या गोळ्या घरी, आणि परीक्षक तिसऱ्या टेबलापाशी आलेले. मी स्वतःच्या शर्टाकडं बघितलं. सात बटणं पुढची, आठवं बाहीचं. (शर्ट निशाच्या भावानं दिलेला, कोरा. म्हणून हा अबोला.)

परीक्षक बाई आल्या. "ही बटणं कसली?"

"ऑक्सिजन, मॅडम."

आणि मग पोरगी जी सुटली! डीएनए केंद्रकात राहतो, त्याची नक्कल घेऊन आरएनए बाहेर जातो, त्याबरहुकूम पेशीत प्रथिनं तयार होतात. एकदाही अडखळली नाही. बाईंची नजर माझ्यावर गेली. मी शर्ट मुठीत आवळून उभा. "आणि हे कोण?"

मी सरकणारच होतो, तेवढ्यात ती मोठ्यानं म्हणाली, "माझे पप्पा हायत."

दुसरा नंबर आला, आक्का.

तुझा,
प्रसेनजीत

ता. क. बाई म्हणाल्या, हिला पुढं पुण्याला शिकवा. तुझ्याकडं ठेवून घेशील का? निशा (अक्षतामार्फत) 'लांब नको' म्हणते. पण तू आपणहून बोलावल्यासारखं लिही, म्हणजे ऐकेल.

आणखी एक. गतिरोधक वगैरे काही नव्हता. चहाच्या गाडीवर माझ्या दोस्ताला, गुंडूला, आणि चार पावण्यांना दाखवायला मीच खोकं उघडलं. "माझ्या लेकीनं केलंय" म्हणत शिडी उंच धरली, ती हातातनं सुटली. निशाला सांगू नकोस. अक्षताला ठाऊक आहे. गुंडू माझ्या मागोमाग हॉलवर आला होता, त्यानं तिला सगळं सांगून टाकलं होतं. परीक्षक यायच्या आधीच.