उगी, उगीच नव्हे

तीर्थस्वरूप आत्या हिस,

तुझ्या लाडक्या (आणि काकांच्या मते हाताबाहेर गेलेल्या) भाचीचा इतक्या लांबून वाकून नमस्कार. मी इथे धडधाकट आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? काकांचा रक्तदाब आणि काकांचा राग, यांतलं सध्या कोण वर आहे? आईने माझी खोली रंगवायला काढल्याचं फोनवर कळलं. रंग कोणता म्हणून विचारलं तर म्हणाली, आलीस की बघ. तो विषय मी तूर्त बाजूला ठेवते, त्याच्याकडे मला शेवटी यायचंच आहे. नमनालाच घडाभर तेल ओतलं तर तू पत्र फडताळावर ठेवून पोळ्यांना लागशील.

निघताना काका काय म्हणाले होते, तुला आठवत असेलच. एवढं शिकून परक्या मुलखात जाऊन करणार काय, तर लोकांच्या पोरांची नाकं पुसणार! पोरं काय, दुधीच्या वेलासारखी आपोआप वाढतात! तेव्हा मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. आता त्यांना सांग, पहिला भाग अगदी खरा निघाला. मी नाकंच पुसते. पण कशी पुसते ते ऐक. इथे बाळाचं नाक पुसण्याआधी बाळाला विचारतात! समोर बसायचं, रुमाल दाखवायचा, आता मी तुझं नाक पुसणार आहे, चालेल का, असं म्हणायचं आणि मग थांबायचं. तुझ्यापुढे थुंकीचे फुगे काढणारं आठ महिन्यांचं गाठोडं, आणि तू त्याच्या होकाराची वाट बघत बसलेली. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही माणसं माझी फिरकी घेताहेत.

तर त्याच दिवशी आमच्या मोठ्या बाई (म्हणजे शिशुगृहाच्या मुख्य, उंचीने लहानखुऱ्या, पण त्या खोलीत आल्या की आम्ही सगळ्याजणी आपोआप ताठ बसतो) एका बाळापुढे जमिनीवर मांडी घालून बसल्या. दोन्ही हात पुढे केले आणि उचलू का, असं विचारून गप्प राहिल्या. बाळ त्यांच्याकडे बघतंय, त्या बाळाकडे बघताहेत. मला वाटलं, विसरल्या बहुतेक. अहो उचला की, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. आणि मग त्या बाळाने, कर्जाचा अर्ज वाचणाऱ्या बँकेच्या साहेबासारखा नीट विचार केला आणि आपले दोन्ही हात वर केले. आत्या, अंगावर सर्रकन काटा आला गं माझ्या. इतकी वर्षं पुस्तकातून शिकले, परीक्षा दिल्या, पण एवढ्याशा जिवाला स्वतःचं मत असतं आणि ते तो सांगतो, हे डोळ्यांनी कधी बघितलं नव्हतं. आपल्याकडे बाळ म्हणजे न्हाव्याच्या दुकानातला पेपर. येईल त्याने उचलावं, चाळावं, मुरगळावं आणि पुढच्याच्या हातात द्यावं. (मलाही तुम्ही तसंच वाढवलंत. माझी काही तक्रार नाही.)

असे इथे नियम बरेच. मुलाला नुसतं शाब्बास म्हणायचं नाही, त्याने काय केलं ते बोलून दाखवायचं. मूल पडलं तर जमिनीला हात रे करायचं नाही. (जमिनीची काय चूक, असं मला विचारण्यात आलं.) आणि सगळ्यात मोठा नियम, रडणाऱ्या मुलाला गप्प बस म्हणायचं नाही. रडणं हा त्याचा हक्क आहे, आपण फक्त जवळ असायचं. इथेच माझं घोडं पेंड खायला लागलं.

आमच्या खोलीत एक मुलगी आहे, जेमतेम दोन वर्षांची. दिवसभर गरगरत असते म्हणून मी मनातल्या मनात तिला भिंगरी म्हणते. आली तेव्हापासून ती एक अक्षर बोलली नव्हती. सकाळी आई सोडून गेली की दाराला कपाळ टेकून रडायची, तेही आवाज न करता, ते बघवायचं नाही. एका सकाळी मी तिच्याशेजारी जाऊन बसले, विचारून पाठीवर हात ठेवला, आणि माझ्याही नकळत तोंडातून निघालं, उगी, उगी. झालं! रोजचं सुरू झालं. हळूहळू ती दारापासून सरकून माझ्या मांडीला टेकायला लागली. मग एकदा मोठ्या बाईंनी सहज विचारलं, हा शब्द कुठला, अर्थ काय? आता उगीचा अर्थ कोणी कधी विचारला आहे का गं? माझी भंबेरी उडाली. भाषांतर करायला गेले आणि सांगून बसले, उगी म्हणजे गप्प राहा.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी आपली हातवारे करून सांगतेय की तसं गप्प नव्हे हो, वेगळं गप्प, प्रेमाचं गप्प, आणि जितकं सांगावं तितकी मी गाळात. शेवटी त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या की अर्थ नक्की होईपर्यंत हा शब्द खोलीत नको. तुझ्या तोंडातून एकदम दात काढून घेतले तर कसं वाटेल, तसं वाटलं बघ. दुसऱ्या दिवसापासून भिंगरी दाराशी रडायला लागली की मी शेजारी तोंड मिटून बसायची, आणि ती माझ्याकडे बघत राहायची, आज विसरलीस का, असं.

त्यात आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालं. नगरपालिकेने ठरवलं की तीन वर्षांखालच्या मुलांची खोली, म्हणजे आमचीच, बंद करायची. अध्यक्षांचं म्हणणं, एवढी लहान मुलं काही शिकत नाहीत, ती नुसती सांभाळायची असतात. (काकांना विचार, लहानपणी जत्रेत एखादा भाऊ हरवला होता का.) खोली बंद म्हणजे माझी नोकरी बंद, इथे राहायचा परवाना बंद, आणि मी थेट आईच्या रंगवलेल्या खोलीत. खरं सांगू? एक संध्याकाळ मला बरंही वाटलं. मग सकाळी भिंगरी दाराशी दिसली, आणि माझं बरं वाटणं मला पुरेना. तिला कुठे पाठवणार होते, ते कोणालाच माहीत नव्हतं. तिची आई तर कामावर जाता येणार नाही म्हणून आमच्याच बाकावर बसून रडली.

निर्णय पक्का होण्याआधी नगरपालिकेत सुनावणी होती, तिथे आमच्याकडून एकीने बोलायचं होतं. मोठ्या बाईंनी माझं नाव दिलं. (का, ते देव जाणे. नवीन माणसाला अजून आश्चर्य वाटतं, ते त्यांना ऐकू दे, म्हणाल्या.) मी आठवडाभर आरशापुढे भाषण घोकलं. भला थोरला हॉल, लांबलचक टेबल, मागे आईबाप आणि त्यांच्या मांडीवर आमची सगळी पलटण, कारण आम्ही सगळ्याजणी इथे, तर मुलं ठेवणार कुठे? मी उभी राहिले, घसा खाकरला, माननीय म्हणाले, आणि मला उचकी लागली. साधी नव्हे, हॉलभर घुमणारी. पाणी प्यायले, थांबेना. श्वास धरला, थांबेना. अध्यक्ष चष्म्यावरून बघताहेत, कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि मला एकदम वाटलं, हे आईचं काम. तीच बसली असणार आठवण काढत, हातात रंगाचा ब्रश घेऊन. त्या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आलं ते थांबेचना. उचकी, हुंदका, उचकी. भाषण गेलं चुलीत. परक्या देशात, सुटाबुटातल्या माणसांपुढे, मी ढसाढसा रडत होते.

तेवढ्यात पायाशी काहीतरी लागलं. भिंगरी! आईच्या मांडीवरून उतरून, अख्खा हॉल ओलांडून आलेली. तिने मान वर केली आणि आपले दोन्ही हात पुढे धरले. आणि थांबली. अगं, ती मला विचारत होती! मी खाली बसले. मग तिने माझ्या गुडघ्यावर थापटलं आणि म्हणाली, उगी, उगी.

तिचा पहिला शब्द, आत्या. तिच्या आईच्या भाषेतला नाही, या देशातला नाही, आपल्या माजघरातला. मग मागून खोलीतला आणखी एक पोरगा आला, मग आमची जुळी आली, आणि सगळी मिळून मला थापटायला लागली. उगी, उगी, उगी. मी तो शब्द वापरायचा बंद केला होता, पण त्यांनी तो कधीच उचलून ठेवला होता.

अध्यक्षांनी विचारलं, ही मुलं काय म्हणताहेत? माझ्या तोंडचं पाणी पळालं, कारण गप्प राहा हे उत्तर तिथे दिलं असतं तर संपलंच होतं. पण मोठ्या बाई उठल्या. ज्यांनी शब्द बंद केला होता त्याच. म्हणाल्या, याचा अर्थ, मी इथे आहे. हे त्यांना कोणी शिकवलं नाही, त्यांच्याशी कोणी तरी तसं वागलं म्हणून ती शिकली. आता तुम्ही सांगा, ही नुसती सांभाळलेली मुलं आहेत का? अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, मग रुमाल काढला आणि नाक पुसलं. (कोणालाही न विचारता. मी पाहिलं.) खोली राहिली. उचकीही थांबली होती, केव्हा ते कळलं नाही.

अजूनही सकाळी खोलीचं दार उघडताना मला देवळात शिरल्यासारखं वाटतं, म्हणजे चपला काढाव्यात की काय असं. (काढाव्या लागतातच, तसाही नियम आहे.) काकांना साष्टांग नमस्कार आणि दुधीच्या वेलालाही मांडव लागतो, एवढाच निरोप. गुडघ्याला शेक देत जा.

तुझी,
नाकं पुसणारी

ता. क. उगीचा खरा अर्थ काय गं? मोठ्या बाईंना तो रंगीत कागदावर लिहून भिंतीवर लावायचाय. काकांना विचारू नकोस, ते उगीच सांगतील.

ता. क. त्या दिवशी दुपारी आईने माझी आठवण काढली होती का, तेवढं आडून आडून विचार.

ता. क. खोली राहिली म्हणजे माझा परवाना वाढला. पुढची तीन वर्षं. मी सही केली आहे आणि आईला सांगितलेलं नाही, दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा रंगाबद्दल बोलून ठेवला. आत्या, तू जा. हे पत्र वाचून दाखवू नकोस, तिच्याशेजारी बस आणि सांग. ती रडेल. रडू नको म्हणायचं नाही, जवळ बसायचं. पाठीवरून हात फिरव आणि उगी, उगी म्हण. फक्त मोठ्या बाईंनी सांगितलेला अर्थ तिला सांगू नकोस. मी तिथे नाही, हे तिला लगेच कळेल.