बिनतंगडीच्या दुकानातली सोयरीक

आंदोंग, २८ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,

धाकट्या चोंग-गूचा कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार.

तिकडे उलजिनला समुद्रावरचं वारं एव्हाना झोंबायला लागलं असेल. तुझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला आमच्या न्हाव्याकडून कळलं. सख्ख्या बहिणीच्या गुडघ्याची बातमी न्हाव्याच्या खुर्चीत, मानेवर वस्तरा असताना कळावी, याबद्दल मी काही बोलत नाही. जिना चढवतो का, रात्री ठणकतो का, एवढं कळव. (नाही कळवलंस तरी न्हावी आहेच.) मी ठणठणीत आहे. रक्तदाब मात्र गेल्या शनिवारपासून वर चढून बसला आहे आणि तो का, हे सांगण्यासाठीच हे पत्र. आपला दोन वर्षांचा अबोला आहे, म्हणून 'तुम्ही' लिहायचं ठरवलं होतं आणि तसे दोन कागद लिहून फाडलेही. हात वळत नाही, तेव्हा 'तू'च लिहितो. त्यातून भलता अर्थ काढू नये. हे बोलणं नव्हे, नुसतं कळवणं आहे.

तर सुल-गीचं लग्न ठरलं. देगूला ज्या दवाखान्यात ती लोकांचे दात तपासते, तिथेच हा मुलगा कवळ्या घडवतो. नाव प्यो इन-सक. मुलगा बरा आहे. (मला कवळी लागेल तेव्हा फुकट होईल असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला. माझे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत हे त्याने पाहायला हवं होतं, व्यवसायच तो आहे.) मुलगा बरा, पण दोन्ही घरांची पहिली भेट म्हणजे काय चीज असते हे तुला मी सांगायला नको. मी पुलाजवळच्या जुन्या खाणावळीत आतली खोली सांगून ठेवली होती. सरकती दारं, बसायला गाद्या, चोवीस वाट्या आणि वाढणारी बाई अशी की कधी आली, कधी गेली कळत नाही. अशा ठिकाणी माणूस आपोआप हळू बोलतो आणि घराण्याची उंची दिसते. त्यावर सुल-गीचा फोन आला. "बाबा, ते म्हणतायत जेवण आमच्याकडेच करू." मला वाटलं घरी. घर म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार, मी हो म्हणालो. मग ती हळूच म्हणाली, "आमच्याकडे म्हणजे दुकानात. इन-सकच्या बाबांचं दुकान आहे ना, त्यांना स्वतःच्या हातचं खाऊ घालायचंय." आणि दुकान कसलं, तर तळलेल्या कोंबडीचं. आणि कोंबडीचं तरी कसलं, तर फक्त पंखांचं.

ताई, मी निवृत्त उपमुख्याध्यापक आहे. ग्वाक घराण्याची तेविसावी पिढी आहे. माझ्या एकुलत्या एका मुलीची सोयरीक बिअरच्या दुकानात, पिंपावर कोपरं टेकून. (खरंच पिंपं होती. उलटी करून त्यांचीच टेबलं केली होती.) त्या दिवशीच नाही म्हणायला हवं होतं, पण फोनवर सुल-गीचा आवाज तिच्या आईसारखा येतो आणि मग माझ्याकडून नाही म्हणणं होत नाही.

रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून मी आपल्या आंदोंगचे खारवलेले बांगडे घेतले, उत्तम प्रतीचे, सहा जोड्या, आणि सुल-गीच्या आईच्या जांभळ्या रेशमी रुमालात गाठ मारून बांधले. देगूच्या बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसलो. पहिल्या थांब्यापर्यंत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या थांब्यावर पुढच्या बाईने खिडकी उघडली, तिसऱ्यावर सगळ्यांनी उघडल्या. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "काका, सोबतच्या पाहुण्यांचं तिकीट काढलंय का?" सगळी बस हसली. मी हसलो नाही. घाटातल्या वळणावर रुमालातून तेल उतरलं आणि माझ्या करड्या सुटाच्या डाव्या मांडीवर कोरियाच्या नकाशाएवढा डाग पडला, बेटांसकट.

दुकानात शिरलो तर आत भिंतीवरच्या टीव्हीत बेसबॉल चालू, कढया चरचरतायत आणि प्यो साहेब, म्हणजे माझे होणारे व्याही, ॲप्रन लावून दारात. दुपारी एकला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला (तेलकट) आणि मागच्या गिऱ्हाइकांना ओरडून सांगितलं, "हे आमच्या सुनेचे वडील." गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवाव्यात असं मी आयुष्यात काही केलेलं नाही आणि तेव्हाही केलं नव्हतं. मानाची जागा शोधावी तर पिंप गोल, स्टुलं गोल, पाठ एकालाही नाही. दारापासून सगळ्यांत लांबची ती मानाची, या नियमाने मी बरोबर बसलो, तर पाठीमागे संडासाचं दार निघालं. येणारा-जाणारा प्रत्येक जण माझ्या खांद्याला धरून "जरा सरका" म्हणत होता. मी सगळी भेटभर सरकत होतो.

मी घराण्याची ओळख करून देणारं भाषण लिहून नेलं होतं, पावणेचार पानं. उभा राहिलो, तर स्टूल मागे पडलं. पहिल्या पूर्वजापाशी पोचतो न पोचतो तोच व्याह्यांनी समोर परात आणून ठेवली आणि म्हणाले, "व्याहीबुवा, बसा आधी. पिढ्या थांबतील, पंख थांबत नाहीत." तू म्हणशील यात रागवण्यासारखं काय. मीही तसंच म्हटलं असतं, पण तेवढ्यात भिंतीवर कुणीतरी चेंडू मैदानाबाहेर मारला आणि माझे व्याही परात सोडून तिकडे धावले. तेविसांपैकी बावीस पिढ्या राहूनच गेल्या.

आता मुख्य अपमान. पाहुण्याला कोंबडी वाढायची म्हणजे तंगडी वाढायची, हे लहान पोरालाही कळतं. मी परातीत पाहिलं, वरचे काढून खालचे पाहिले. सगळे पंख. मी अगदी सौम्य आवाजात विचारलं, "तंगडी?" विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे तंगडी नसते हो." अगं, मग त्या कोंबड्या उभ्या कशावर होत्या? दिवसाला चारशे पंख तळणाऱ्या माणसाने चारशे तंगड्यांचं काय केलं, हा प्रश्न मी मनात ठेवला. (इन-सकला नंतर विचारला. पंख सुटेच येतात म्हणाला. सुटे.)

विहीणबाईंनी प्लास्टिकचे हातमोजे दिले. मी म्हणालो, मी चॉपस्टिकने खातो. पंख चॉपस्टिकने खाता येतो असं ज्याला वाटतं त्याने एकदा खाऊन पाहावा. पहिला पंख निसटून मुळ्याच्या आंबटगोड फोडींत पडला, दुसरा इन-सकच्या बिअरमध्ये. पोरगं गुणी, काही न बोलता प्यायलं. तिसरा मात्र मी सरळ बोटांनी धरला. तो लाल मसाल्याचा होता, आणि नंतर कपाळावरचा घाम पुसताना तेच बोट डोळ्यात गेलं.

ताई, मी सैन्यात अश्रुधूर खाल्लेला माणूस आहे. तो परवडला. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या, नाक वाहू लागलं आणि तोंडातून शब्द निघेना. विहीणबाईंनी ते पाहिलं आणि समजल्या की बाप मुलीसाठी रडतोय. त्यांनीही पदराने, म्हणजे ॲप्रनच्या कोपऱ्याने, डोळे टिपायला सुरुवात केली. "आई गेल्यावर एकट्याने सांभाळलीत हो," म्हणाल्या, "आमच्याकडे तिला काही कमी पडणार नाही." व्याह्यांनी बेसबॉलचा आवाज बंद केला. शेजारच्या पिंपावरच्या एका माणसाने उठून माझ्या पाठीवर थोपटलं आणि आपली बहीण सासरी गेली तेव्हाची हकिगत सांगितली. आता मी मिरची गेली म्हणावं तर ज्याने स्वतःच्या हाताने मसाला केला त्या व्याह्याचा अपमान, आणि न म्हणावं तर सबंध देगू शहरात रडका बाप म्हणून माझी नोंद. मी गप्प बसलो आणि रडत राहिलो. आयुष्यात इतका संताप मला कधी आला नव्हता. पण पाचच मिनिटांनी त्याहून मोठा आला.

डोळे निवळल्यावर व्याह्यांनी विचारलं, "व्याहीबुवा, तुम्ही पंख खायला बिचकताय का?" मी सांगितलं की आमच्या घरी बायको नवऱ्याला पंख वाढत नाही. खाल्ला की नवरा उडतो आणि दुसरीच्या अंगणात उतरतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सुल-गीची आई याबाबतीत फार कडक. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या ताटात एक पंख पडू दिला नाही. मी बापडा तंगड्यांवर भागवत आलो. व्याही हसले. "म्हणजे वहिनींना तुम्ही उडाल अशी भीती होती?"

तेव्हा सुल-गी हसली. आई गेल्यापासून, आईचं नाव निघालं असताना, चार वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, "भीती कसली हो. आईला पंख आवडायचे. बाबा बाहेर पेपर वाचत बसायचे आणि आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहून खायचो. ती म्हणायची, बाबांना सांगू नकोस, कोंबडीत खरी मजा इथेच आहे."

एकतीस वर्षं, ताई. मला इतकी वर्षं वाटत होतं की माझ्यात काहीतरी असं आहे की पंख पोटात गेला तर मला आवरणं कठीण. मी स्वतःला जरा धोकादायक समजत होतो. चौकातल्या चहावालीच्या दुकानावरून मान खाली घालून जात होतो. आणि ही बाई आत उभी राहून, माझ्याच पोरीला सामील करून, कोंबडीतला सगळ्यांत चवदार भाग संपवत होती. मी हातमोजे मागून घेतले आणि रागारागाने एक पंख खाल्ला. बाहेरून कुरकुरीत, आत हाडाला धरून बसलेलं मऊ मांस. मग दुसरा खाल्ला. एकूण अकरा खाल्ले. तिला जाब विचारायची सोय नाही, एवढाच माझा राग होता. डोळे पुन्हा वाहू लागले, पण ते आधीच लाल असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता तुझ्याबद्दल. तिच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाला तू सगळ्या भाऊबंदांसमोर म्हणालीस, "या घरात प्रत्येक कोंबडीच्या दोन्ही तंगड्या एकाच माणसाच्या ताटात गेल्या." आणि मी तुला संध्याकाळची बस दाखवली. आता पोरीच्या तोंडची साक्ष ऐकलीस. तिने उत्तम तेच खाल्लं, आवडीने खाल्लं आणि मला फसवून खाल्लं. तेव्हा कोण बरोबर होतं हे तूच ठरव. माफी मागण्याची घाई नाही.

लग्न मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, देगूला. तुला यायचंच असं नाही, प्रवास लांबचा आहे. तब्येतीला जप.

तुझा धाकटा,
चोंग-गू

ता. क. पाकीट बंद करण्याआधी हे पत्र सुल-गीला फोनवर वाचून दाखवलं. तंगड्यांचा भाग तिने पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "बाबा, आईला पंख आवडायचे हे खरं. पण तंगडी कशी लागते हे तिला माहीत होतं का, ते मला नाही सांगता येणार." तेव्हा वरचा 'आता तुझ्याबद्दल' हा परिच्छेद वाचू नये. खोडणार होतो, पण अक्षर चांगलं आलं आहे.

ता. क. २. निघताना विहीणबाईंनी विचारलं की लग्नात मेणबत्त्या पेटवायला त्यांच्याबरोबर कोण चालणार. दोन्हीकडच्या आया हातात हात घालून पुढे जातात आणि आपापली मेणबत्ती पेटवतात, तिथे त्या एकट्या कशा जातील. मी ताबडतोब म्हणालो, "माझी थोरली बहीण." तुला विचारलेलं नाही हे बसमध्ये बसल्यावर आठवलं. सुल-गीला सांगितलं तर ती म्हणाली, "आत्या नाही म्हणाली तर आपली मेणबत्ती तशीच राहू दे, दुसरं कुणी नको."

ता. क. ३. विहीणबाई निळा हानबोक घालणार आहेत. मुलीकडचा गुलाबी असतो. कापड मी काल आणून ठेवलं आहे. माप कळव.