फोटोपुरती सायकल

आई, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गॅस, म्हणजे गाडीचं पेट्रोल, महागला म्हणून आमचे साहेब सायकलवरून ऑफिसला आले. ते चूक आहे. सायकल व्हॅनमधून आली. ज्यांच्या ऑफिसात मी फोन घेते ते हे इथले अमेरिकन आमदार कोपऱ्यावर उतरले, फोटोपुरती सायकल चालवली, आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं. तेव्हा मी कौतुकाने बघत होते, म्हणून लिहिताना व्हॅन गाळली असावी.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली साहेबांचा सल्ला: ड्राइव्हिंग कमी करा. लगेच काकूंचा फोन. तुला गाडीतून राइड द्यायच्या त्याच काकू. आता नजर अधू झाली, गाडी चालवणं सुटलं. "काय गं, डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी सायकलवर जाऊ का? विचार तुझ्या साहेबाला, मागच्या सीटवर बसवतो का!" मी हसले. मग त्या हळूच म्हणाल्या, "हल्ली कुणाला राइड मागायची लाज वाटते गं. गॅसचे पैसे कुणी घेत नाही, आणि गॅस तर असा महाग."

तूही कधी पैसे देऊ शकली नाहीस. डब्यातून शंकरपाळे द्यायचीस. व्हिसावर अमेरिकेत आलेली, गाडी चालवता न येणारी तू खिडकीशी उभी आहेस, बाहेर बर्फ, पायात बूट, आणि राइड येईपर्यंत माझ्याकडून पाढे म्हणवून घेते आहेस. माझी पहिली शाळा ती खिडकी. एकदा उशीर झाला म्हणून मी काकूंना फोन लावला, तर तू रिसीव्हर हिसकावून घेतलास. "असं विचारायचं नसतं. राइड मागितली की घड्याळ बघायचं नाही."

आमच्या भागात बस सुरू करायचा प्रस्ताव आलाय. साहेब विरोधात मत देणार आहेत. "इथे घरोघरी गाडी आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, "माझ्या आईकडे नव्हती." ते छान हसले. "मग कुणीतरी राइड देतच असेल ना?"

हो, देत होते. आणि तू आयुष्यभर दुसऱ्याच्या सोयीने दवाखान्यात गेलीस, दुसऱ्याच्या सोयीने भाजी आणलीस, सिनेमाला तर गेलीच नाहीस. याला मी सोय म्हणणार नाही. त्यांच्यासमोर तर मुळीच नाही.

मंडळाचा गणपती यंदाही वीकेंडलाच आहे. साहेब झब्बा घालून येणार, आणि त्यांची ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे. माइक माझ्या हातात असेल. सगळ्यांसमोर विचारणार आहे, बसला मत देणार की नाही, आणि उत्तर येईपर्यंत माइक सोडणार नाही. सोमवारी नोकरी राहणार नाही बहुतेक. काकू पुढच्या रांगेत बसणार आहेत. त्यांना मीच घेऊन जाते आहे, आणि डबा आणू नका म्हणून बजावलंय.

खरं सांगू? साहेबांची भीती वाटत नाही. तुझी वाटते. तू आज असतीस तर माइकसुद्धा हिसकावून घेतला असतास. तरीही विचारणार आहे, येत्या शनिवारी, आरती संपली की लगेच.